नव्या ग्रामपंचायत सदस्यासाठी: आपली पंचायत नीट चालते का, हे कसं ओळखायचं

निवडणुकीचा गुलाल उतरतो, सत्काराची शाल-श्रीफळं घरात येऊन पडतात आणि थोड्याच दिवसांत पहिल्या मासिक सभेची नोटीस हाती येते. मी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्या सभेला गेले, चहा घेतला, विषय ऐकले, वहीवर सही केली आणि घरी आले. पुढच्या महिन्यात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं, तर माझ्या सहीच्या वर एक असा ठराव होता, ज्याबद्दल सभेत कुणी चकार शब्द काढला नव्हता. शेवटचा ठराव आणि सह्या यांच्यामध्ये सहा-सात ओळींची जागा मोकळी सोडलेली होती. ती नंतर भरली गेली. सही मात्र माझीच होती, म्हणजे तो ठराव माझाही झाला.

तेव्हापासून मी पंचायतीचं दप्तर वाचायला शिकले. जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. नव्या सदस्यांसाठी लिहिते आहे, पण ज्यांना निवडणूक लढवायची नाही आणि तरीही आपल्या गावाचा कारभार समजून घ्यायचा आहे, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. गावाच्या वेशीवरची कमान आणि रंगवलेल्या भिंती पाहून मत बनवू नका. इतिवृत्ताची वही, ग्रामसभेत कोण बोलतं, घरपट्टीची थकबाकी आणि पाइपलाइनच्या टोकाचा नळ, या चार ठिकाणी पाहा. पुरस्कारासाठी उतरायचं असलं तरी सुरुवात इथूनच करायची असते.

पायरी 1: कोण काय करतं, ते समजून घ्या

ग्रामपंचायत म्हणजे तालुक्याच्या ऑफिसची खालची खिडकी नव्हे. 73 व्या घटनादुरुस्तीमुळे 24 एप्रिल 1993 पासून तिला संविधानात स्वतःची जागा आहे, आणि अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय दिले आहेत. आपल्याकडे रोजचा कारभार चालतो तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे. त्याची मराठी प्रत विकत घ्या. सगळं पुस्तक एका दमात वाचून होत नाही. आधी कलम 7 आणि 8 (ग्रामसभा), कलम 14 (अपात्रता), कलम 45 (पंचायतीची कामं), कलम 57 (ग्रामनिधी) आणि कलम 124 (कर) एवढं वाचा.

पंचायतीत लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य असतात. सचिव म्हणून जे काम पाहतात त्यांना गावात अजूनही ग्रामसेवक किंवा नुसतं 'भाऊसाहेब' म्हणतात. 2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव झालं. अनेकदा त्यांच्याकडे एकापेक्षा जास्त गावं असतात. ते कोणत्या वारी, किती वाजता आपल्या गावात असतात, हे ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लिहून घ्या. एवढ्या एका ओळीने लोकांचे हेलपाटे वाचतात.

महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. माझ्या पहिल्या सभेत दोन सदस्यांच्या खुर्च्यांवर त्यांचे यजमान बसले होते, आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मैत्रिणींनो, एकच विनंती: पहिल्या सभेला स्वतः जा, स्वतःच्या खुर्चीवर बसा आणि एक तरी प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी सोडलेली खुर्ची पुढे परत मिळवणं फार जड जातं.

पायरी 2: दप्तर मागा आणि बसून वाचा

इथे घाई करू नका. ग्रामपंचायतीच्या दप्तराचे नमुने 1 ते 33 ठरलेले आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही, पण काही नमुने तुमच्या हाताखालून गेलेच पाहिजेत.

नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक. वर्षभरात किती येणार आणि कशावर जाणार, हे त्यात असतं. नमुना 5 म्हणजे रोकड वही. ती उघडली की पहिली गोष्ट पाहायची ती शेवटच्या नोंदीची तारीख. आज 20 तारीख आहे आणि वही दोन महिन्यांपूर्वी थांबली आहे, तर बाकी काही पाहण्याआधी ती पूर्ण करून घ्या. दुसरं, रोकड वहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक शेजारी ठेवा. फरक असेल तर त्याचं कारण लेखी हवं: न वटलेला चेक, बँकेने लावलेले चार्जेस, काहीतरी. 'ते जुळतं नंतर' हे कारण नाही.

नमुना 8 म्हणजे कर आकारणीची वही. गावात कुणाचं घर कुठे, किती चौरस फुटांचं, त्याला कर किती, ते इथे कळतं. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने व्हायला हवी. तुमच्या वॉर्डातली दहा घरं निवडा आणि वही हातात घेऊन प्रत्यक्ष फिरा. मी फिरले तेव्हा माडी चढलेली घरं वहीत पत्र्याची होती आणि पडून गेलेल्या घरावर दरवर्षी थकबाकी वाढत होती. नमुना 9 म्हणजे कराची मागणी: मागची बाकी किती, चालू किती, वसूल किती. यात सगळ्यात आधी आपलं आणि आपल्या सहकाऱ्यांचं नाव शोधा. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम 14 प्रमाणे अपात्र ठरू शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, स्वतःची पट्टी थकवलेल्या सदस्याचं वसुलीबद्दल कोण ऐकेल?

आता इतिवृत्त. तिथे मी ठेच खाल्ली, म्हणून हे नीट वाचा. सभा संपताना शेवटच्या ठरावाच्या लगेच खाली आडवी रेघ मारून घ्या आणि तिला चिकटून सही करा. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक यांची नावं, ठराव क्रमांक आणि रक्कम असेल तर ती आकड्यांत आणि अक्षरांत हवी. विरोध असेल तर 'विरोध नोंदवून घ्यावा' असं सभेतच म्हणा आणि तो लिहिल्याशिवाय उठू नका. पुढच्या सभेचा पहिला विषय मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं हाच असतो; तो 'वाचलं असं समजू' म्हणून उरकू देऊ नका. दप्तर पाहायला मागितल्यावर कुणी तोंड वाकडं केलं तर शांतपणे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सदस्य नसलेल्या गावकऱ्यांसाठी माहिती अधिकार कायदा, 2005 आहेच.

लेखापरीक्षणाची टिपणीही मागा. त्यातले आक्षेप कोणते, त्यांचं अनुपालन झालं का, वसुली कुणावर निघाली, हे त्या कागदांत असतं. जुनी टिपणी वाचली की गावाचा मागचा कारभार अख्खा समोर येतो.

पायरी 3: ग्रामसभा भरते की उरकली जाते?

गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात. त्या साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमाराला घेतल्या जातात. नोटीस सात दिवस आधी हवी, विशेष ग्रामसभेला चार दिवस आधी. गणपूर्ती, म्हणजे आपला कोरम, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तो. कोरम नसेल तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नाही, पण तिथे नवा विषय घेता येत नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभाही घ्यायची असते आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे मांडायच्या असतात. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या, गावांचे नियम वेगळे आहेत, आणि ग्रामसभेला तिथे जास्त अधिकार आहेत.

हे झाले नियम. आता ओळखायचं कसं ते सांगते. सभेची वेळ सकाळी अकराची, म्हणजे नेमकी मजुरीला आणि शेतात जाण्याची असेल, तर लोक येऊ नयेत अशीच ती वेळ आहे. नोटीस फक्त ऑफिसच्या दाराला चिकटवली असेल आणि दवंडी नसेल, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विषयपत्रिका नसेल, तर तेही तसंच. हजेरीची वही पाहा. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या आणि एकाच वळणाच्या असतील, किंवा सभा झाल्यावर शिपाई घरोघर वही घेऊन फिरत असेल, तर त्या कोरमला अर्थ नाही. मी एका गावात हे डोळ्यांनी पाहिलं आहे. अंगणात धान्य निवडत बसलेल्या बाईंनी सही केली आणि विचारलं, "कशाची हो सही?" उत्तर मिळालं, "सभेची." त्या सभेला गेल्याच नव्हत्या.

आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा सगळ्यात महत्त्वाची. तिच्यापुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवावी लागते. जमाखर्च भरभर वाचून दाखवला तर कुणाच्याच डोक्यात राहत नाही. आम्ही तो मोठ्या अक्षरांत लिहून आठ दिवस आधी मारुतीच्या पारावर लावला. सभेत त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी पथदिव्यांच्या खर्चावर प्रश्न विचारले.

ग्रामसभेची ताकद किती असू शकते, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हटलं आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यायची रीत पाडली. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पैसा न लागणारा एक ठराव किती दूर जाऊ शकतो, ते तिथे दिसलं.

पायरी 4: पैसा कुठून येतो, ते पाहा

ढोबळमानाने पैसा येण्याच्या तीन वाटा आहेत. स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार, गाळ्यांचं भाडं. केंद्रीय वित्त आयोगाचा निधी. आणि जिल्हा परिषद व राज्याच्या योजना.

15 व्या वित्त आयोगात 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, तोही पगार आणि ऑफिस खर्चासाठी नव्हे. हा निधी ज्या आराखड्यावर खर्च होतो तो 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने गावातच तयार करायचा असतो आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचा असतो. ते पोर्टल कुणालाही पाहता येतं. आपल्या गावाचं नाव टाका, आराखड्यातली कामं आणि खर्च पाहा, मग कागद घेऊन त्या कामावर जाऊन उभ्या राहा. गटार कागदावर 120 मीटर असेल तर पावलांनी मोजूनही अंदाज येतो. 'मेरी पंचायत' अ‍ॅपवरही हे दिसतं.

स्वतःच्या उत्पन्नातूनही काही वाटा बाजूला काढावा लागतो: 15 टक्के मागासवर्गीय वस्ती व व्यक्तींसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. हा खर्च मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सतरंज्या आणि खुर्च्या घेऊन संपवला असेल, तर वर्षभर कुणी त्याचा विचारच केला नाही, हे समजून जा. गावातल्या दिव्यांग व्यक्तींना आधी विचारलं असतं तर कुणाला रॅम्प हवा होता, कुणाला तीनचाकी.

वसुलीचं म्हणाल तर धमकीपेक्षा सेवा चालते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावाने कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं. लोकांना पट्टीचा पैसा परत येताना दिसला की ते भरतात.

पायरी 5: शेवटच्या नळापाशी जा

हे काम सकाळी पाणी सुटायच्या वेळी करायचं. टाकीजवळच्या घरांना पाणी छान येतं. तिथे पाहून काही कळत नाही. पाइपलाइनच्या टोकाला, बहुतेक गावांत उतारावरच्या किंवा वेशीबाहेरच्या वस्तीत, शेवटचं घर कोणतं ते विचारा आणि तिथे उभ्या राहा.

पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे ओटी टेस्टची छोटी बाटली असते. काचेच्या नळीत नळाचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन उरलं आहे. रंग बदललाच नाही तर इथपर्यंत शुद्धीकरण पोचलेलंच नाही. शेवटच्या टोकाला प्रतिलिटर 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन शिल्लक हवं. मी पहिल्यांदा टेस्ट करायला सांगितली तेव्हा आमचे कर्मचारी म्हणाले, "ताई, टाकीत तर रोज टीसीएल टाकतो." टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. ते खरंच ती टाकत होते. आम्ही गोदामात जाऊन पाहिलं. टीसीएल पावडरची गोणी उघडी, ओल आलेल्या भिंतीला टेकलेली. ताज्या पावडरमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण ओल आणि हवा लागली की ते उडून जातं. माणूस प्रामाणिकपणे रोज निव्वळ चुना टाकत होता. आम्ही फक्त झाकणाचा ड्रम घेतला, त्यात ताजी पावडर भरली आणि तो लाकडी फळीवर ठेवला. पुढच्या आठवड्यात शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालं.

सार्वजनिक पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहून हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दिलं जातं. आपल्या पंचायतीला कोणतं आहे आणि का, ते आरोग्य सेवकांना विचारा. लाल असेल तर कारण बहुधा साधं असतं: विहिरीभोवतीचा चिखल, गळती, पावडरचा साठा नसणं.

त्याच फेरीत अंगणवाडी, शाळेची मुलींची स्वच्छतागृहं आणि स्मशानाची वाट पाहून घ्या. जास्त लिहीत नाही; पाहिलं की कळतं.

पायरी 6: मग पुरस्काराचा विचार करा

महाराष्ट्राला गावांच्या स्पर्धेची मोठी परंपरा आहे. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं आणि लोकांनी स्वतः झाडू हातात घेतले. 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली. 2016 मधली स्मार्ट ग्राम योजना पुढे 'आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव' या नावाने ओळखली जाऊ लागली. 2020 पासून माझी वसुंधरा अभियान आहे. 17 सप्टेंबर 2025 पासून मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. त्यात सुशासन, पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, पाणी-स्वच्छता-हिरवाई, योजनांची सांगड, गावातल्या संस्था, उपजीविका व सामाजिक न्याय, आणि लोकसहभाग व श्रमदान असे सात भाग आहेत.

राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांची रचना 2022-23 पासून बदलली. आता गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ व हरित, स्वयंपूर्ण पायाभूत सुविधा, सामाजिक सुरक्षितता, सुशासन आणि महिलास्नेही गाव अशा नऊ विषयांवर पंचायती तपासल्या जातात. सर्वांगीण कामगिरीसाठी नानाजी देशमुख यांच्या नावाचा पुरस्कार आहे. 2024 मध्ये त्यातला पहिला क्रमांक सातारा जिल्ह्यातल्या मान्याचीवाडीने मिळवला. पाटण तालुक्यातलं हे छोटंसं गाव आहे, हे लक्षात घ्या. मोठी लोकसंख्या आणि मोठा निधी असल्याशिवाय काही होत नाही, ही सबब तिथे संपते.

तयारी कशी करायची? स्पर्धेची प्रश्नावली मिळाली की ती आधी ग्रामसभेत वाचा, आणि स्वतःच प्रामाणिक गुण द्या. मग प्रत्येक प्रश्नाला एक फाइल करा. तिच्यात ठराव क्रमांक, कामाआधीचा आणि नंतरचा एकाच जागेवरून काढलेला फोटो, खर्चाची नोंद, आणि श्रमदान असेल तर हजेरी एवढं असावं. पुरावा काम चालू असतानाच गोळा होतो. तपासणीच्या आदल्या रात्री बसून केलेली फाइल तपासणारे लगेच ओळखतात: सगळे फोटो एकाच दिवसाचे, शाई एकाच पेनाची, कागद कोरे करकरीत.

रंगरंगोटीवर निधी उधळू नका, असं मी पुन्हा सांगेन. उघड्यावर शौच बंद केल्याबद्दल निर्मल ग्राम पुरस्कार मिळालेल्या कितीतरी गावांत पुढे शौचालयांत गोवऱ्या आणि सरपण भरलं गेलं. उलट हिवरे बाजार पाहा. पाण्याचा ताळेबंद दरवर्षी गावापुढे मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाहीत; हे नियम त्यांनी कुणी तपासायला येणार म्हणून केले नव्हते. अशा गावाला भेट द्यायला गेलात तर कमानीसमोर फोटो काढून परतू नका. त्यांच्या ऑफिसात बसून इतिवृत्ताची वही पाहायला मागा. आनंदाने दाखवतात.

बक्षीस मिळालं तर ती रक्कमही ग्रामनिधीत जमा होते, रोकड वहीत येते आणि तिचा खर्च ग्रामसभेत ठरवायचा असतो. आणि नाही मिळालं, तर गटविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसातून गुणांचा तक्ता मागून आणा. आमच्या गावाचा पहिला प्रस्ताव तालुक्यातच मागे पडला. सांडपाण्याच्या विषयात आम्हाला जवळजवळ काहीच गुण नव्हते. तो तक्ता मी ग्रामसभेत जसाच्या तसा वाचून दाखवला. खालच्या आळीतल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आम्ही दोन वर्षं सांगतोय. मोरीचं पाणी दारात येतं." त्या वर्षीच्या आराखड्यात खालच्या आळीतले शोषखड्डे पहिल्या क्रमांकावर लिहिले गेले. ठरावावर सूचक म्हणून आजींचं नाव आहे.